मागचा पंख

आमच्या कॉलेजात पाईकराव मामांचं पहिलं नाव ठाऊक होतं फक्त दोघांना: पगारबिल करणाऱ्या क्लार्कला आणि प्राणिशास्त्राच्या कपाटातल्या मेलेल्या पतंगांना. बाकी प्राचार्यांपासून कँटीनवाल्यापर्यंत सगळ्यांचे ते मामाच. मामा, चहा सांगा. मामा, पंखा लावा. मामा, स्लाइडी कुठं ठेवल्या? मीही त्यातलीच, हे आधीच सांगून टाकते. मी त्यांच्या बाजूनं उभी राहिले, लढले, असलं काही या लिखाणात सापडणार नाही. मी लढले नाही. म्हणून तर लिहायला बसले आहे.

दौलत निवृत्ती पाईकराव. प्रयोगशाळा परिचर, शिक्षण दहावी, मुक्काम आखाडा बाळापूर. रोज पहिल्या एसटीनं हिंगोलीला यायचे. अंगानं काटक, शर्टाला कडक इस्त्री, आणि खिशात कायम तीन-चार रिकाम्या काडेपेट्या. त्या पेट्यांमुळे नवीन माणूस त्यांच्याकडे हमखास बिडी मागायचा. मामांनी जन्मात बिडी ओढली नव्हती.

करोनाच्या दुसऱ्या वर्षी मी तिथं प्राध्यापक म्हणून रुजू झाले. त्या सकाळी हिंगोलीच्या स्टँडवर उतरले, तर एक माणूस सार्वजनिक शौचालयाच्या भिंतीला नाक लावून उभा. हातात उघडी काडेपेटी. मनात म्हटलं, गावात उतरल्या उतरल्या पहिलाच माणूस डोकं फिरलेला भेटला. तासाभरानं तोच माणूस विभागात माझ्यासमोर हजेरीचं रजिस्टर ठेवत होता.

"सकाळी तुमी मला बघून लांबून गेल्या," ते म्हणाले. "समदेच जातात. तकलीफ नका घेऊ."

त्या भिंतीला पांढरा चुना होता आणि वर मोठा दिवा. रात्री दिव्यावर आलेले पतंग सकाळी तिथंच चिकटून बसलेले असत. झाडूवाली यायच्या आत मामांना तिथं पोचायचं असे, कारण ती आली की एका खराट्यात सगळं साफ. जिल्ह्यातली सगळ्यात चांगली प्रयोगशाळा म्हणजे ती भिंत, हे मला पुढं पटलं. फक्त वास सहन करता आला पाहिजे.

मी एम.एस्सी., वर पीएच.डी. पतंग ओळखायला मी त्या भिंतीवर शिकले. माझी रीत पुस्तकातली: पंखावरच्या रेघा मोजायच्या, ठिपके बघायचे, चित्राशी ताडून बघायचे. मामा मला हातानं मागं सारायचे.

"आधी बसतंय कसं ते बघा म्याडम. ठिपके मंग."

कुणी पंख कौलासारखे उतरते ठेवून बसतो, कुणी भिंतीला पापडासारखा चिकटतो, कुणी मागचा भाग उचलून बसतो. बोट जवळ नेलं की कुणी उडतो, कुणी खाली पडून मेल्याचं सोंग घेतो. मामा एवढ्यावरच निम्मी ओळख पटवायचे. मग खिशातून भिंग काढून पंखाची नक्षी बघायचे, तेही खात्री करायला. पुस्तकातल्या चित्रांवर त्यांचा राग होता. "पुस्तकात समदे मेलेले, पंख ताणून. भितीवर कोण तसं बसतंय?"

म्हणून त्यांनी एक वेगळा डबा केला होता, बसक्यांचा डबा. एरवी संग्रहात पतंग पंख पसरून टाचतात. या डब्यात सगळे मिटलेल्या पंखांनी, जसे भिंतीवर बसतात तसेच. मी असा डबा आधी कुठंच बघितला नव्हता.

त्यांच्या सगळ्यात आवडत्या दोन पाखरांबद्दल सांगायलाच हवं. दोन्ही बसली की हुबेहूब वाळकं पान: तपकिरी, मधोमध शीर, कडेला कुरतडल्यासारखं. मागचा पंख मात्र हळदीसारखा पिवळाजर्द आणि त्यावर काळी खूण. पाखरू बसलं की तो पंख झाकून जातो. खूण गोल असेल तर मामा म्हणत टिकलीवाली, मुरडलेली असेल तर काजूवाली. दोघींची लॅटिन नावंही त्यांना पाठ होती, पण ती चिठ्ठीवर लिहायला. तोंडात टिकलीवाली नि काजूवालीच. दोघींचे पंख मिटलेले असले की मला आजही फरक कळत नाही. मामांना पाच पावलांवरून कळायचा.

या दोघी मोसंबीचा रस पितात. एका रविवारी मामा मला जवळा बाजारच्या पुढच्या एका बागेत घेऊन गेले. बागवान रडकुंडीला आला होता. फळं गळत होती, आणि झाडावर अळी म्हणून सापडत नव्हती. दोनदा औषध मारून झालं होतं. मामांनी खाली पडलेलं एक मोसंबं उचललं, अंगठ्यानं हळूच दाबलं. सालीवरच्या टाचणीएवढ्या भोकातून रसाचा थेंब वर आला.

"अळी हितं न्हाईच, मालक. झाडाला कायला औषध पाजून राहिले? अळी तुमच्या बांधावर हाय. गुळवेलीवर."

बागवान भडकला. करोनात त्याच्या वडिलांनी घरभर गुळवेलीचा काढा पाजला होता. बांधावरची वेल म्हणजे त्यांना देवच. "औषधाच्या येलीला कीड लागंल व्हय? कायबी बोलून राहिले तुमी!"

मामा बांधाकडे वळले. वेलीपाशी जाऊन त्यांनी एक पान उलटं केलं. खाली बोटाएवढी काळपट मखमली अळी, डोकं आत वळवलेलं, मागचा भाग वर, आणि कुशीवर डोळे वटारल्यासारखे दोन गोल. बागवान दोन पावलं मागं सरला. मामांनी तीन अळ्या पानांसकट डब्यात घेतल्या, घरी बरणीत गुळवेलीचा पाला घालून वाढवल्या, आणि जन्मलेल्या पाखरांपैकी एक घेऊन त्या माणसाकडे पुन्हा बागेत गेले. स्वतःच्या खर्चानं, एसटीनं. मागचा पंख उचलून त्याला टिकली दाखवली. उरलेल्या दोघींतली एक बसक्यांच्या डब्यात गेली. ती टाचताना मामा दोन तास कुणाशी बोलले नव्हते.

गळालेली फळं उचला, पिकत्या फळांना पिशव्या बांधा, तिन्हीसांजेला धूर करा, असं त्यांनी सांगितलं होतं. बाग पुष्कळशी वाचली. बागवान मोसंबीची गोणी घेऊन कॉलेजात आला आणि थेट विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये गेला. सरांनी गोणी घेतली, आभार घेतले, आणि मामांना हाक मारली. गोणी गाडीत ठेवायला.

विभागप्रमुखांना आम्ही मोठे सर म्हणायचो. माणूस दुष्ट नव्हता, असं आजही कॉलेजात म्हणतात. लग्नकार्याला यायचे, आजारी माणसाची चौकशी करायचे. आपल्या खात्यातलं सगळं आपलंच आहे, अशी त्यांची भाबडी समजूत होती. कपाटं आपली, खुर्च्या आपल्या, मामा आपले, मामांनी पकडलेले पतंगही आपलेच.

आता त्या चिठ्ठ्यांबद्दल. टाचलेल्या प्रत्येक पतंगाखाली त्याच टाचणीला नखाएवढी चिठ्ठी असते: कुठं सापडला, कधी, आणि पकडणाऱ्याचं नाव. त्याखाली दुसरी, पतंगाच्या नावाची. जगभर हीच रीत आहे. पतंगाचं नाव उद्या अभ्यासानंतर बदलू शकतं, पकडणाऱ्याचं नाव कधी काढत नाहीत. आमच्या कपाटातल्या साडेतीनशे टाचण्यांवर मामांच्या गिचमिड अक्षरात लिहिलेलं होतं: दौलत नि. पाईकराव.

एकदा डब्यात डांबरगोळ्या टाकता टाकता ते म्हणाले होते, "मला हितं एकोणतीस वर्सं झाली, म्याडम. माझं नाव कुणी कुठं वाचत न्हाई. ह्या डब्यात वाचतील. मी मेल्यावर कुणी आलं शिकाया, तर म्हणंल, ह्यो पाईकराव कोण व्हता बरं? एवढंच पाह्यजे. दुसरं कायबी नगं." आणि स्वतःच्याच बोलण्याला हसले. मी हसले नाही. पण मी लक्षातही ठेवलं नाही, नाहीतर पुढचं घडलं नसतं.

मी रुजू झाले त्याच्या दुसऱ्या वर्षी कॉलेजच्या मूल्यांकनाला समिती येणार म्हणून धावपळ सुरू झाली. भिंती रंगल्या, कुंड्या आल्या. मोठ्या सरांनी पतंगांचं कपाट उघडलं, एक चिठ्ठी वाचली आणि मला बोलावलं.

"मॅडम, तुमचं अक्षर छान आहे. या सगळ्या चिठ्ठ्या नव्यानं लिहा. संकलक म्हणून माझं नाव टाका. विभागप्रमुखाचं असलं की बरं दिसतं."

"सर, पण पकडलेत मामांनी."

"त्याचा पगार घेतो ना तो?"

माझी नोकरी कायम करायची फाइल तेव्हा त्यांच्याच टेबलावर होती. मी पुन्हा विचारलं नाही. एकदा विचारलं होतं ना, एवढ्यावर मनाची समजूत घातली. आमच्या घरात सुंदर अक्षराचं फार कौतुक. लहानपणी बक्षिसं मिळाली होती. ते अक्षर कशाला वापरायचं हे मात्र कुणी शिकवलं नव्हतं.

पतंगाची टाचणी काढून चिठ्ठी बदलणं नाजूक काम. वाळलेल्या मिशा नुसत्या श्वासानं तुटतात. हे काम येणारा माणूस विभागात एकच होता. म्हणून सरांनी मामांनाच माझ्या शेजारी बसवलं. ते चिमट्यानं पतंग उचलायचे, जुनी चिठ्ठी ओढून काढायचे, त्यावरचं ठिकाण आणि तारीख मला वाचून दाखवायचे. मी नवी लिहायची. ते ती टाचणीत ओवायचे.

पहिली चिठ्ठी ओवताना त्यांनी भिंग लावून वाचली.

"म्याडम, हे नाव काहून लिवलं?"

"सरांनी सांगितलंय, मामा."

त्यांनी भिंग खिशात ठेवलं. मग टाचणी जागेवर खोचली आणि दुसरा पतंग उचलला. मला वाटलं होतं, ते उठून जातील. उठले असते तर माझ्या हातून निम्मे पंख मोडले असते, हे त्यांना ठाऊक होतं. तीन दिवस हा माणूस स्वतःच्या हातानं स्वतःचं नाव एकेका टाचणीवरून काढत बसला होता, आणि मला तारखा नीट ऐकू याव्यात म्हणून मोठ्यानं वाचत होता. मला लाज वाटत होती. लाज वाटत होती आणि मी लिहीत होते.

तिसऱ्या दिवशी ते जेवायला गेले. राहिला होता फक्त बसक्यांचा डबा. मला घरी जायची घाई. दहा-बारा पतंग बाकी होते. म्हटलं, आपणच उरकून टाकू. सगळ्यांच्या चिठ्ठ्या, पतंगांच्या नावांच्याही, एकदम काढल्या, नव्या लिहिल्या आणि अंदाजानं लावून दिल्या. मामा परत आले, डब्याकडे एक नजर टाकली.

"म्याडम, ह्या दोघींच्या चिठ्ठ्या बदलल्या. ही टिकलीवाली हाय. तुमी तिला काजूवाली केलं."

"मामा, आता राहू द्या. उद्या समिती आहे. कोण बघतंय?"

तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "माझं नाव काढलं, बरं, काढलं. तिचं तर तिला राहू द्या!"

मी पेनाला टोपण लावलं. "उद्या बघू," म्हणाले आणि कपाटाची किल्ली पर्समध्ये टाकून घरी गेले.

समितीत एक वयस्क गृहस्थ होते, कीटकशास्त्राचे जाणकार. बाकीचे डबे त्यांनी चालता चालता बघितले. बसक्यांच्या डब्यापाशी मात्र थबकले.

"वा! हे फारच वेगळं आहे. कल्पना कुणाची?"

"आमच्या विभागाची," मोठे सर म्हणाले.

"हा कोणता?" त्यांनी नेमकं त्या बागेतल्या पाखरावर बोट ठेवलं. सरांनी वाकून माझ्या वळणदार अक्षरातलं काजूवालीचं लॅटिन नाव वाचलं. मामा चहाचा ट्रे घेऊन दारात उभे होते.

"ती ती न्हाई, साहेब," ते म्हणाले.

जाणकार वळले. "कशावरून म्हणता?"

"मागच्या पंखावर गोल टिकली हाय. म्या अळीपासून वाढवलीय तिला."

"मग उघडून दाखवा की."

मामांनी ट्रे टेबलावर ठेवला. चिमटा उचलला. मिटलेल्या पंखाच्या कडेपर्यंत नेला आणि तिथंच थांबले. वाळलेला पंख उघडायचा तर पतंग रात्रभर ओलसर डब्यात ठेवावा लागतो. समितीला दुपारी नांदेड गाठायचं होतं.

"वाळलंय, साहेब. उघडलं तर मोडंल."

मोडलं असतं तर ते खरे ठरले असते. सगळ्यांसमोर, एका क्षणात. त्यांनी चिमटा खाली ठेवला.

मोठे सर हसले. "आमच्या मामांना हौस फार. मामा, चहा द्या साहेबांना." सगळेच हसले, कुणी मनापासून, कुणी रीत म्हणून. मी तिथंच, दोन हातांवर उभी होते. 'चिठ्ठी मी चुकवली' एवढे तीन शब्द बोलायचे होते. मामांनी माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं, मागितलं काही नाही. मी पुढं होऊन कप उचलून दिले.

दुसऱ्या दिवशी त्यांना खुलासा मागणारा कागद मिळाला: समितीसमोर वरिष्ठांचा अवमान केला. मामांनी एका ओळीत उत्तर दिलं. 'पतंगाचे नाव चुकले होते, ते सांगितले.' माफी नाही म्हणून कागद परत आला. त्यांनी दुसऱ्या कागदावर तीच ओळ पुन्हा लिहिली. मग त्यांची बदली विभागातून गेटवर झाली, सायकल स्टँडच्या शेडमध्ये. कॉलेजला चांगली श्रेणी मिळाली. माझी नोकरी कायम झाली. पेढे मी गेटवरही नेले. मामांनी एक उचलला, "चांगलं झालं, म्याडम," म्हणाले, आणि कागदात गुंडाळून खिशात ठेवला.

गेटवर ते वर्षभर बसले. एकदाच मला थांबवून म्हणाले, "डब्यात गोळ्या टाकाया झाल्या आसतील. पावसाच्या आधी टाका." मी हो हो म्हटलं. परीक्षा होत्या, प्रवेश होते, आणखी काय काय होतं. मी विसरले. मामा निवृत्त झाले, त्यांच्या मागोमाग मोठे सरही. विभागात मी एकटीच उरले, म्हणून प्रभारी प्रमुखही मीच.

चार्ज घेतल्यावर कपाट उघडलं. डांबरगोळ्या कधीच उडून गेल्या होत्या आणि डब्यांत बारीक केसाळ किडे पडले होते. त्यांनी सगळं खाल्लं होतं. साडेतीनशे पतंगांतला एकही धड नव्हता. तळाला तपकिरी भुगा, वर उभ्या टाचण्यांच्या रांगा, आणि प्रत्येक टाचणीवर माझ्या सुंदर अक्षरातली चिठ्ठी. किड्यांनी कागदाला तोंड लावलं नव्हतं. मी खुर्ची ओढून बसले आणि पहिल्यांदा रडले. कुणासाठी रडले हे नीट सांगता येणार नाही. बहुतेक स्वतःसाठीच.

गेल्या उन्हाळ्यात मी आखाडा बाळापूरला गेले. मनात योजना होती: संग्रह नव्यानं उभा करायचा, मामांना मानधन द्यायचं, प्रत्येक चिठ्ठीवर त्यांचं नाव घालायचं. कोऱ्या चिठ्ठ्याही कापून नेल्या होत्या. मामा ओसरीवर सुपात हळकुंडं निवडत बसले होते. थकलेले वाटले नाहीत. शर्टाला इस्त्री तशीच होती. त्यांच्या बायकोनं चहा दिला.

मी डब्यांचं सांगितलं. ते निवडता निवडता थांबले.

"समदे?"

"सगळे, मामा."

"बसक्यांचा डबा बी?"

"तोही."

ते पुन्हा हळकुंडं निवडू लागले. मी म्हटलं, "मामा, त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं."

"व्हय," ते म्हणाले. "पाह्यजे व्हतं."

जाऊ द्या, झालं ते झालं, असलं काहीच नाही. मी तेच ऐकायला गेले होते, हे मला तेव्हा कळलं. चिठ्ठ्यांचा विषय मी घाईघाईनं काढला, नावाचं बोलले, मानधनाचं बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि "आता नगं, म्याडम," एवढंच म्हणाले.

उठले तेव्हा ओसरीच्या भिंतीवर, त्यांच्या डोक्यापासून हातभर अंतरावर, एक वाळकं पान चिकटलेलं दिसलं. पान नव्हतं ते. पंख मिटलेले होते. टिकलीवाली की काजूवाली, मला काही केल्या कळेना.

"मामा, ही कोणती?"

त्यांनी मान वळवली. त्यांची नजर पंखाच्या कडेवरून एकदा फिरली, आणि त्यांना कळलं होतं, हे मी शपथेवर सांगेन. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"पाखरू हाय, म्याडम," ते म्हणाले, आणि सूप उचलून आत गेले.